गर्दीबद्दल माझं मत

पंचायत समितीत नोकरीला होतो तोवर मत साहेबांचं आणि सही माझी, अशी आमची वाटणी होती. निवृत्त झालो आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली मतं एकदम बाहेर पडायला लागली. पहिल्यांदा ती पाण्याच्या वेळा, एसटी स्टँडची अवस्था आणि शेजाऱ्यांची गाडी लावायची पद्धत यांवर पडली. पण या विषयांवर भोरात प्रत्येकाचंच मत असतं, त्यामुळे माझ्या मताला उठाव येईना. मग आमची वैदेही पुण्याहून आली आणि तिनं माझ्या मोबाईलवर सिनेमे बघायची सोय करून दिली.

“तुमचा वेळ जाईल, बाबा,” असं ती म्हणाली होती. माझा वेळ उत्तम गेला. सुलूचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मात्र जीव जायची पाळी आली. पहिला सिनेमा खुनाचा होता. अर्ध्याच्या आत मी तिला सांगून टाकलं की खून माळ्यानं केलाय, कारण नुसतं कुंड्यांना पाणी घालायला कुणी इतका चांगला नट घेत नाही. खून माळ्यानंच केला होता. सुलूला त्याचं कौतुक वाटलं नाही, उलट तिनं मोबाईल हातातून काढून घेऊन माझ्यापुढं निवडायला मेथी ठेवली.

दुसरा सिनेमा प्रेमाचा होता. त्यात शेवटी नायक विमानतळावर पळत सुटतो. माझं मत असं पडलं की ज्या माणसाला विमानतळाच्या आतपर्यंत पळत जाता येतं, त्याला आदल्या दिवशी त्या मुलीला फोन करायला काय झालं होतं? यावर सुलू म्हणाली की तुम्ही मला लग्नाआधी कधी साधं पत्र तरी पाठवलं होतं का. या प्रश्नाचा सिनेमाशी काही संबंध नसल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिनंच सुचवलं की वाचनालयाच्या दारात एक फळा आहे, त्यावर महिनोन् महिने एकच सुविचार आहे, तुमची मतं तिथं जाऊन लिहा. तिच्या बोलण्यातला भर ‘जाऊन’ या शब्दावर होता हे मला नंतर समजलं.

वाचनालयातल्या ग्रंथपाल स्नेहल मॅडमनी लगेच खडू दिला. ‘आजचा सुविचार’ या मथळ्याखाली ‘वेळ अमूल्य आहे’ असं लिहिलेलं होतं आणि ते पुसायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. मी ते पुसलं, मथळ्याच्या जागी ‘माझं मत’ असं लिहिलं आणि खाली माळ्याच्या सिनेमाचा निकाल लावला. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. लोक येता-जाता थांबायचे, वाचायचे, ‘छान’ म्हणून आत जायचे. समोरच्या खुर्चीवरचे आनंदराव तर रोज आधी फळा वाचून मगच बसायचे.

आनंदरावांबद्दल थोडं सांगायला हवं. भाटघर धरणावर चौकीदार म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. वाचनालयात पेपर एकच येतो. त्याची आतली पानं आधी मी घ्यायची, बाहेरची त्यांनी, आणि मग टेबलावरूनच अदलाबदल करायची, असं आमचं ठरून गेलं होतं. ठरवलं कुणीच नव्हतं. आम्ही फार बोलत नसू. गेल्या वर्षी त्यांच्या मंडळी गेल्या. दिवस झाल्यावर ते परत येऊन खुर्चीवर बसले, तेव्हा मी आतली पानं आधी त्यांच्याकडे सरकवली. सांत्वनाचा दुसरा मार्ग मला सुचला नव्हता. त्यांनी पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पानं घेतली. आमची मैत्री ही एवढी, पण मला ती पुरत होती.

तर फळ्यावर दोन सिनेमे झाल्यावर मी पुस्तकाकडे वळलो, आणि इथून माझे ग्रह फिरले. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष इंद्रजितराव. पानशेतला त्यांचं मोठं हॉटेल आहे, पुण्याची माणसं शनिवार-रविवारी तिथं येऊन चुलीवरची भाकरी खातात. मध्यंतरी इंद्रजितराव युरोपला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासावर एक पुस्तक लिहिलं. ते स्वतःच छापलं आणि वाचनालयाला एक कपाटभर भेट दिलं. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. असं करणारा मी बहुधा पहिलाच, निदान लेखकाची बायको तसं म्हणते असं ऐकलं. फळ्यावर मी लिहिलं: ‘पुस्तक वजनदार आहे. लेखकाने अनेक देश पाहिले, वाचकाला मात्र त्या देशांतला नाश्ता दिसतो. आल्प्स पर्वत एका वाक्यात उरकला आहे, कारण त्या सकाळी ऑम्लेट गार आले होते.’

हे खोटं आहे असं कुणीही सिद्ध करावं. पण मला समितीची नोटीस आली. संस्थेच्या मालकीचा फळा वैयक्तिक मतांसाठी वापरल्याबद्दल खुलासा सादर करावा, वगैरे. उभ्या हयातीत असल्या नोटिसा मीच लिहीत आलो होतो. मी ती तपासली, तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावी असा शेरा मारून मी ती परत पाठवली, आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

नोटीस जावक क्रमांकाच्या शोधात असतानाच मी तो तिसरा सिनेमा बघितला. नाव लिहीत नाही, एकदा फळ्यावर लिहिलं तेवढं पुरे झालं. सिनेमा ऐतिहासिक होता आणि त्याचं बरंचसं शूटिंग आमच्या भोरातच झालं होतं.

इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. राजवाडा आहे, नदीचा घाट आहे, त्यामुळे आमच्याकडे सिनेमावाले सारखे येतात. त्यांना गर्दी लागते आणि ती आम्ही असतो. वेल्ह्याच्या बाजूच्या गावांतूनही टेम्पो भरभरून बायामाणसं येतात, लुगडी नेसतात, बाराबंद्या घालतात आणि दिवसभर इकडून तिकडं चालतात. त्यामुळे सिनेमा बघायची आमची रीत जगाहून निराळी आहे. पडद्यावर नायक आईची शपथ घेत असतो आणि भोरकर त्याच्या कानामागं बघत असतो. कानामागं कुणाची तरी आत्या असते. ती सापडली की सिनेमा चांगला, आणि कापली गेली असेल तर दिग्दर्शकाला काही कळत नाही.

मी स्वतः गर्दीत कधी उभा राहिलेलो नाही, कारण सरकारी नोकरीत ते बसत नव्हतं. म्हणून मी सिनेमा नायकाकडे बघून बघितला, आणि गर्दीबद्दल मत दिलं. भोरात कुणाच्याही हातून होऊ नये अशी चूक माझ्या हातून झाली ती ही. मी लिहिलं: ‘कथा बरी, लढाया उत्तम, गर्दी मात्र निर्जीव. घागर घेतलेली एकच बाई बाजारात दिसते, पाणवठ्यावर दिसते आणि अखेरच्या विजयी मिरवणुकीतही दिसते. बाजारात तर ती सरळ कॅमेऱ्यात पाहते, आणि प्रेक्षक इतिहासातून धाडकन भोरच्या चौकात येऊन पडतो.’ शेवटचं वाक्य लिहून मी चार पावलं मागं सरकून ते परत वाचलं, इतकं ते मला आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाढी करायला गेलो. आमच्या न्हाव्यानं त्या सिनेमासाठी दाढी राखली होती हे मला ठाऊक नव्हतं. वस्तरा माझ्या गळ्यापाशी आणून त्यानं अगदी शांतपणे विचारलं की निर्जीव म्हणजे नेमकं काय. ते तुम्हाला उद्देशून नाही, असं मी हलक्या आवाजात सांगितलं, कारण मोठ्यानं बोललं की गळा हलतो. तिथून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार प्रद्युम्न त्यात भाला घेऊन दरवाजावर उभा होता. निर्जीव माणसाच्या हातच्या गोळ्या चालतील ना काका, असं म्हणून त्यानं रक्तदाबाच्या गोळ्या पुढं केल्या. भाजीवाल्या मावशी वेगळ्याच कारणानं रागावल्या होत्या. त्या बैलगाडीच्या मागं स्पष्ट दिसत असून मी त्यांचा निर्जीव म्हणूनसुद्धा उल्लेख केला नव्हता.

सगळं गाव सल्ले द्यायला लागलं. शेजाऱ्यांचं म्हणणं पडलं की फळा पुसा, दुसऱ्यांचं पडलं की फळा पुसला तर तुम्ही घाबरलात असं होईल, आणि सुलूचं म्हणणं पडलं की मेथी निवडायची राहिलीये. हे सगळं मी सोसलं असतं. मतं देणाऱ्या माणसानं एवढं सोसायचंच असतं. पण वाचनालयात समोरची खुर्ची रिकामी दिसायला लागली. पहिल्या दिवशी वाटलं, बरं नसेल. मग दिवसामागून दिवस गेले. पेपरची आतली आणि बाहेरची पानं माझ्याच समोर पडून राहायची आणि मला दोन्ही वाचवत नसत.

शेवटी प्रद्युम्नलाच विचारलं, आनंदराव औषधाला येऊन गेले का. त्याचा थट्टेचा सूर गेला होता.

“काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?” तो म्हणाला. “ती घागरवाली बाई म्हणजे त्यांच्या सुलक्षणाकाकू.”

मोबाईलवर ती बाई मोहरीच्या दाण्याएवढी होती, त्यात डोक्यावरून पदर. सुलक्षणा वहिनींना मी उभ्या आयुष्यात दोन-तीनदा पाहिलं असेल, तेही दारात उभं राहून. ही सगळी कारणं खरी होती आणि औषधाच्या दुकानापासून घरापर्यंत ती एकेक करून मला लाज आणत गेली. गेलेल्या बाईला मी भर रस्त्यात, चांगल्या अक्षरात, निर्जीव म्हणालो होतो. वाईट मला माझ्या नावाचं वाटलं नाही. तो माणूस रोज दारातला फळा आधी वाचायचा, आणि त्या दिवशीही त्यानं तो वाचला असणार, याचं वाटलं.

संध्याकाळी सुलूला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटेत मी माफीची चार वाक्यं जुळवली होती. दार उघडंच होतं. आतून तुताऱ्या आणि घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. आनंदराव खाटेवर बसून मोबाईल डोळ्यांजवळ धरून तोच सिनेमा बघत होते. आम्हाला बघताच ते गडबडीनं उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“बरं झालं आला, नारायणराव,” ते म्हणाले. “म्या तुमच्याकडंच येनार हुतो. बाजारातली ठावं हुती मला. पाणवठ्यावरची तुमच्या फळ्यामुळं घावली. पर मिरवणुकीतली काय केल्या घावंना. जरा दावता का?”

माझी चारी वाक्यं जागच्या जागी राहिली. सुलूनं त्यांना बसतं केलं, पाणी दिलं, आणि मग ते हळूहळू सांगायला लागले. वहिनींना फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. घरात एक लग्नातला फोटो, त्यात त्यांनी मान खाली घातलेली, आणि एक आधार कार्डावरचा, ज्यात कुणीच आपल्यासारखं दिसत नाही. शूटिंगला त्या माहेरच्या बायकांबरोबर टेम्पोतून हौसेनं जायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, चालले नुसती, घागर घेऊन. सिनेमा मोबाईलवर आला तोवर त्या गेल्या होत्या. आनंदरावांनी बाजाराच्या प्रसंगापर्यंत सिनेमा बघितला, तिथं त्या दिसल्या, आणि तिथंच त्यांनी तो बंद केला. पुढं कधी बघितलाच नाही. ज्या दिवशी फळ्यावर वाचलं की ही बाई आणखी दोन ठिकाणी आहे, त्या दिवसापासून ते घरात बसून शोधत होते.

“तुमी लिवलंय म्हंजी असनारच,” ते म्हणाले. “तुमी नीट बगून लिवता.”

आता लेखनातली एक गोष्ट सांगतो. बाजारात दिसते, पाणवठ्यावर दिसते, एवढ्यावर ते वाक्य थांबलं असतं तर लंगडं वाटलं असतं. त्याला तिसरं काहीतरी हवं होतं. मिरवणुकीत घागर होती की नव्हती हे मला आठवत नव्हतं, तेव्हा मी जेवत होतो. वाक्याला तोल यावा म्हणून मी मिरवणूक जोडली होती. आजवर या वाक्याबद्दल मला नाना तऱ्हेचे लोक भेटले, पण माझ्यावर इतका विश्वास ठेवणारा कुणी भेटला नव्हता. तिथल्या तिथं खरं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “पडदा लहान आहे ना, म्हणून दिसत नसेल.”

आनंदरावांना ते लगेच पटलं. मोठा पडदा मात्र सगळ्या पंचक्रोशीत एकाकडेच होता, आणि तो इंद्रजितरावांकडे. पानशेतच्या हॉटेलात क्रिकेटचे सामने दाखवायला त्यांनी घेतलेला.

इंद्रजितरावांनी मला बराच वेळ बसवून ठेवलं. मग अर्ज द्यायला सांगितला. अर्ज समितीपुढे गेला, तिथं एका सदस्यानं हरकत घेतली की वाचनालयात सिनेमा दाखवणं घटनेत बसत नाही. मग विषयाचं नाव ‘ऐतिहासिक चित्रफीत व चर्चा’ असं बदलून घेतलं. मग गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते हे मी त्यांना नियम दाखवून पटवलं. इतकं झाल्यावर इंद्रजितरावांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पडदा मिळेल, पण त्यांच्या पुस्तकाबद्दल फळ्यावर दोन शब्द चांगले यायला हवेत.

मी रात्रभर तळमळलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी घरी येऊन पुस्तक परत उघडलं आणि चांगलं काही सापडतं का ते बघितलं. नाश्ते अजून तितकेच होते. शेवटी मी लिहिलं: ‘कागद उत्तम. बांधणी मजबूत. लेखकाने जे खाल्ले त्याविषयी तो कमालीचा प्रामाणिक आहे. वाचकाला भूक लागल्याशिवाय राहत नाही.’ इंद्रजितरावांनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि पडदा प्रोजेक्टरसकट माझ्या घरी पोचता केला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी सुलूला तीनदा सांगितलं.

मिरवणुकीचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता. सिनेमातला तो भाग मी पुन्हा पुन्हा बघितला. अखेर गर्दीच्या कडेला, पाठमोरी, डोक्यावर घागर असलेली एक आकृती मला दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं, निदान देवानं ते खरं करून ठेवलं होतं. पण खात्री करून घ्यावी म्हणून बाजाराच्या दिवशी अंबूबाईला गाठलं. अंबूबाई वहिनींच्या माहेरची. वेल्ह्याच्या बाजूनं घेवडा घेऊन येते, आणि शूटिंगला दोघी एकाच टेम्पोतून जायच्या. मी मोबाईल तिच्यापुढं धरून विचारलं, ह्या सुलक्षणा वहिनीच ना?

“न्हाई वो,” ती हसत म्हणाली. “ती त्या दिशी आलीच न्हाई, ताप हुता तिला. तिची घागर म्याच घेतली. ही म्या हाय न्हवं का.” आणि मोबाईल माझ्या हातातून घेऊन ती स्वतःकडे बघत राहिली. सिनेमाभर तिचं तेवढंच होतं, बाकी सगळीकडं कापली गेली होती. ते तिनं शेजारच्या बाईला दाखवलं, मग तिच्या शेजारच्या बाईला. पाठ दिसत असली तरी तिला त्याचा आनंद झाला होता.

मी काय ते समजलो. कार्यक्रमाच्या आधी आनंदरावांना गाठून सगळं सांगायचं, असं ठरवून दुपारीच त्यांच्याकडे गेलो. ते पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. वरव्याची त्यांची मेहुणी मुद्दाम आली होती, आणि ती चहा करता करता सांगत होती की भावजी कालपासून नीट जेवलेत. मी चहा घेतला. शर्ट छान आहे, असं मत दिलं, आणि परत आलो.

संध्याकाळी वाचनालयाची खोली ओसंडून वाहत होती. गर्दीच्या निर्जीवपणाचा निकाल लागायचा होता ना. न्हावी सहकुटुंब आला होता. पहिल्या रांगेत मधोमध इंद्रजितराव आणि त्यांच्या शेजारी, आरोपीसारखा, मी. माझ्या दुसऱ्या बाजूला आनंदराव, आणि मागच्या रांगेत शेवटचा टेम्पो चुकवून थांबलेली अंबूबाई. सिनेमा सुरू झाला आणि त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही. सगळी खोली बोट दाखवत होती. प्रद्युम्न भाला घेऊन दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. भाजीवाल्या मावशी बैलगाडीमागून खरोखरच स्पष्ट दिसल्या. आणि मला एक कबूल करायला हवं, मोठ्या पडद्यावर ती गर्दी निर्जीव दिसत नव्हती. कुणाला ऊन लागत होतं, कुणाला हसू आवरत नव्हतं. एक म्हातारा लढाईची दवंडी चाललेली असताना शेजाऱ्याला तंबाखू देत होता. नायक मात्र सबंध वेळ एकच चेहरा करून उभा होता.

बाजार आला. खोली आपोआप गप्प झाली, कारण आता सगळ्यांनाच माहीत होतं. सुलक्षणा वहिनी घागर घेऊन डावीकडून आल्या, आणि मी लिहिलं होतं तसं, त्यांनी चालता चालता मान वळवून सरळ आमच्याकडे बघितलं. ओठ किंचित हलले. पडद्याएवढ्या मोठ्या त्या डोळ्यांपुढं मला माझं वाक्य आठवलं आणि नकोसं झालं.

आनंदराव माझ्या कानाशी वाकले. “कॅमेऱ्यात न्हाई बगितलं तिनं,” ते म्हणाले. “म्या कॅमेऱ्याच्या मागं हुतो. तिची गोळी राह्यली हुती घरी, ती द्यायला गेल्तो. जेवला का, म्हनून इचारतीया.”

मग पाणवठा झाला, आणि लढाई झाली, आणि मिरवणूक आली. ठरल्याप्रमाणं स्नेहल मॅडमनी तिथं सिनेमा थांबवला. गर्दीच्या कडेला, गुलालात, ती पाठमोरी आकृती उभी राहिली. आनंदराव खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले आणि तिच्या घागरीवर बोट ठेवलं. त्यांच्याच बोटाची सावली तिच्यावर पडत होती.

“हीच की,” ते म्हणाले. “अंबूबाई, तू हुतीस ना संगं? हीच ना?”

मी मागं वळून बघितलं. ज्या गावात कानामागं अर्धवट दिसणाऱ्या आत्यासाठी लोक हमरीतुमरीवर येतात, त्या गावात अंबूबाई पडद्यावरच्या स्वतःच्या पाठीकडे बघत होती. एवढी मोठी ती स्वतःला पहिल्यांदाच दिसत होती. तिच्या शेजारच्या बाईनं तोंड उघडलं, तेव्हा अंबूबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला.

“व्हय,” ती म्हणाली. “तीच ती. घागर बगा की तिची.”

आनंदरावांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. गेले कित्येक दिवस माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं, मीच ते देत सुटलो होतो. आता सगळ्या खोलीसमोर त्यांनी विचारलं, “नारायणराव, तुमचं मत काय?”

मी चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच ठेवून पडद्याकडे बघितलं. मला गुलालाचा एक लाल ढग दिसत होता.

“वहिनीच आहेत,” मी म्हणालो. “लगेच ओळखू येतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला आणि नवीन मत लिहिलं: ‘सिनेमा सामान्य. नायकाकडे दुर्लक्ष केले तर चालेल. गर्दी मात्र अवश्य पाहावी.’ मागं आनंदराव येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, मिरवणुकीचं बी घाला की. मी खाली लिहिलं: ‘मिरवणूक चुकवू नये.’ मग आम्ही आत जाऊन बसलो. त्यांनी पेपर उलगडला आणि आतली पानं माझ्याकडे सरकवली.

बाजाराच्या दिवशी अंबूबाई घेवड्याची पाटी घेऊन त्याच रस्त्यानं आली. पाटी खाली ठेवून तिनं फळा सावकाश, एकेक शब्द लावत वाचला. मी दारातच होतो.

“बरं लिवलंय,” ती म्हणाली. “पर ह्याच्यात म्या कुठं हाय?”

ती हसत होती. या प्रश्नावर माझं मत अगदी पक्कं होतं आणि खडूही हातात होता. मी तो खिशात टाकला आणि पाटीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवून दिली.